सेकंडहँड गाडी घेतलेल्या माणसाने शिकायचं कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी धनकवडीत राहते, एका पतसंस्थेत नोकरीला आहे. २०२३ च्या दिवाळीत आम्ही आयुष्यातली पहिली चारचाकी घेतली, तीही सेकंडहँड. सासऱ्यांचं डायलिसिस आठवड्यातनं दोनदा असतं, डायलिसिस झाल्यावर माणूस किती गळून जातो हे ज्यांच्या घरात आहे त्यांनाच माहिती, आणि त्या अवस्थेत त्यांना धरून भर दुपारी रिक्षा शोधत उभं राहायचं, एक म्हणतो तिकडे येत नाही, दुसरा म्हणतो येताना भाडं मिळत नाही, शेवटी मिस्टर म्हणाले बास झालं, जुनी का होईना पण गाडी घेऊ. नव्या गाडीचा हप्ता आम्हाला झेपणारा नव्हता. मला लायसन्स होतं पण हात बसलेला नव्हता, आणि बॉनेटच्या आत काय असतं याची मला किंवा घरात कुणालाच काडीचीही माहिती नव्हती. हे पत्र मी त्याच कारणाने लिहितेय. आमच्यासारखी हजारो घरं या शहरात जुनी गाडी घेतात आणि घेतल्यावर ती कशी तपासायची, आधी काय दुरुस्त करायचं, पैसे कुठे घालायचे नि कुठे नाही हे सांगणारं कुणीच भेटत नाही. जे भेटतात त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्याला काहीतरी विकायचं असतं.

आमची गाडी २०१० ची पेट्रोल सँट्रो झिंग, किंमत एक लाख अठरा हजार, मीटरवर ६२ हजार किलोमीटर. बघायला गेलो तेव्हा गाडी धुऊन पुसून उभी होती, आत सेंटचा वास, डॅशबोर्ड चकचकीत, टायरला काळं पॉलिश. आम्ही रंग बघितला, एसी गार होतोय का बघितलं, बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं. परिवहनच्या अ‍ॅपवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, इन्शुरन्स कधी संपतोय एवढं मात्र भाच्याने बघितलं, ते चांगलं केलं, ते प्रत्येकाने करावंच, दोन मिनिटांचं काम आहे, थकलेली चलनंही तिथेच कळतात. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, गाडी घरी आली, पेढे वाटले.

आठ दिवसांनी मी स्वतः बॉनेट पुसत होते तर बॅटरीमागच्या पत्र्यावर एक मळकट स्टिकर दिसलं. ऑइल चेंज केल्यावर गॅरेजवाले लावतात ना, तसलं. त्यावर बॉलपेनने लिहिलेलं, पुढचं ऑइल ९४,५०० ला. मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. मीटर म्हणतंय ६२ हजार आणि स्टिकर म्हणतंय ९४ हजार. मग ब्रेकच्या पेडलचं रबर बघितलं तर ते मधोमध झिजून गुळगुळीत झालेलं, स्टिअरिंग दोन्ही हात ठेवतात तिथे तेलकट चमकत होतं. हे सगळं घ्यायला गेलो तेव्हाही डोळ्यांसमोर होतं, पण कुठे बघायचं तेच माहीत नसेल तर माणूस बघणार काय. ज्याने विकली त्याला फोन केला तर म्हणाला, ताई जुन्या गाडीला असं असतंच.

आता मला कुणी विचारलं तर मी आधी पेडल बघायला सांगते. आणि आमच्या भागातल्या लोकांना आणखी एक सांगते, सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला जो पूर आला त्यात सहकारनगर, पद्मावती, दांडेकर पूल या बाजूच्या किती गाड्या वाहून गेल्या आणि किती गाळात रुतल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. पुरात सापडलेली गाडी वरून धुतली की छान दिसते, पण बेल्टच्या आतल्या टोकाला मातीची रेघ राहते, सीटखालच्या बोल्टांना गंज असतो, पायाखालचं मॅटिंग उचललं की कडेला बारीक गाळ सापडतो, आणि अशा गाडीची वायरिंग पुढे वर्षानुवर्षं त्रास देते. आमच्या गाडीत हे नव्हतं ही देवाची कृपा, आम्ही काही तपासून घेतलेली नव्हती.

पहिले पैसे आम्ही कुठे घातले तर टचस्क्रीनवाल्या म्युझिक सिस्टिमला साडेनऊ हजार आणि सीट कव्हरला साडेचार हजार. चौदा हजार झाले आणि गाडी एकदम नव्यासारखी वाटायला लागली. डिसेंबरात गावी साताऱ्याकडे निघालो, मी चालवत होते, सासूबाई आणि सासरे मागे, भाचा पुढे. खंडाळ्याच्या पुढे खंबाटकी घाट चढायला लागलो तसा टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला, मला वाटलं चढ आहे म्हणून असेल, तीन वळणं झाली आणि काटा लाल पट्टीला टेकला, बॉनेटच्या फटीतनं वाफ आली. कडेला घेतली. भाचा उतरला, बॉनेट उघडलं आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार तेवढ्यात शेजारच्या चहाच्या गाडीवरच्या माणसाने धावत येऊन त्याचं मनगट धरलं. म्हणाला, अरे बाळा तोंड भाजेल, अर्धा तास हात लावू नको. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशाच्याही वर गेलेलं असतं, झाकण सैल केलं की ते उकळून सरळ अंगावर उडतं, हे मला त्या दिवशी चाळिसाव्या वर्षी कळलं. त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं. पाऊण तासाने झाकणावर ओलं पोतं टाकून त्यानेच ते हळूहळू उघडलं, आतनं विटकरी रंगाचं पाणी आलं. कूलंट कसं असतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, पण ते असं नसणार एवढं कळलं.

पुण्यात आल्यावर एका मोठ्या गॅरेजात गाडी दाखवली. त्यांनी दहा मिनिटं बघितल्यासारखं केलं आणि सांगितलं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागेल, त्याच्याखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पट्टी, गेलंय, २२ हजार धरून चाला, उघडल्यावर अजून काही निघालं तर वेगळं. कशावरून गेलंय, काय बघितलं, हे विचारलं तर उत्तर मिळालं नाही, लेखी एस्टिमेटही दिलं नाही. आम्ही जवळजवळ हो म्हणणारच होतो, कारण नाही म्हणायला लागणारी माहितीच आमच्याकडे नव्हती. माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिलंय ते हेच.

मागच्या गल्लीत एक मिस्त्री आहेत, पन्नाशीचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी गाडी गार असताना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं आणि प्रत्येक गोष्ट मला जवळ बोलावून दाखवली. ऑइलचं झाकण उघडून उलटं धरलं, म्हणाले ताई हे बघा, गॅस्केट गेलं असतं तर पाणी ऑइलमध्ये मिसळून इथे दुधाच्या चहासारखा फेस असता. नव्हता. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, पुसून काढली, ऑइल काळं होतं पण नीट होतं. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं, आत बुडबुडे येतायत का बघा म्हणाले. येत नव्हते. सायलेन्सरमधनं पांढरा धूर नाही. म्हणाले, एवढ्यावर कुणी हेड उतरवत नाही. मग खोलायला लागले तर निघालं काय, आधीच्या कुणीतरी थर्मोस्टॅटच काढून टाकलेला, पंखा डायरेक्ट करून डॅशबोर्डखाली एक बटण लावलेलं, आणि कूलंटच्या जागी वर्षानुवर्षं नळाचं पाणी. थर्मोस्टॅट म्हणजे छोटासा व्हॉल्व्ह असतो, इंजिन साधारण ८०-८२ अंशांना येईपर्यंत तो पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही, म्हणजे इंजिन पटकन तापतं आणि मग त्याच तापमानाला राहतं. गाडी गरम होते म्हटलं की काही जण तो काढून फेकून देतात, तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण मग रोजच्या जाण्यायेण्यात इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त पितं, अ‍ॅव्हरेज पडतं, आणि खरा रोग, गंजाने आणि क्षाराने तुंबलेला रेडिएटर, तसाच राहतो. तो घाटात बाहेर पडला. नवा रेडिएटर, थर्मोस्टॅट, दोन होज पाइप, पंख्याची वायरिंग मुळात होती तशी, कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मंनिम्मं, मजुरीसकट ६,९०० रुपये. बावीस हजारांच्या जागी. त्यानंतर त्याच खंबाटकीत भर मेमध्ये एसी लावून गेलेय, काटा मध्यावरनं हलला नाही.

मामांनी मग मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली की आधी गाडी थांबायला पाहिजे, पळायचं नंतर बघू. चारी चाकं काढली. पुढचे ब्रेक पॅड पत्र्याला लागायला आलेले, मागच्या एका ड्रममध्ये व्हील सिलिंडर गळून लायनर ओले झालेले, ब्रेक ऑइल कॉफीसारखं काळपट. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, दर दोन वर्षांनी बदलायला पाहिजे, नाहीतर घाट उतरताना ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं आत जातं. हे ऐकल्यावर मला कात्रजच्या उतारावर सासऱ्यांना घेऊन केलेल्या सगळ्या फेऱ्या आठवल्या. त्या रात्री झोप नाही आली मला. ब्रेकचं सगळं मिळून ७,४०० झाले. चाकाला धरून ठेवणारे खालचे आर्म आणि त्यातले रबरी बुश गेलेले, खड्ड्यातनं जाताना टकटक आवाज यायचा तो त्याचाच, त्याचे ५,८००.

टायरचं तर बघा. टायरच्या बाजूला एका लंबगोलात चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा आणि पुढचे दोन म्हणजे साल. मामांनी अंगठ्याने धूळ पुसून दाखवलं, १५१६, म्हणजे २०१६ च्या पंधराव्या आठवड्यातला. नक्षी बरी होती म्हणून आम्ही टायर चांगले धरून चाललो होतो, पण वाकून बघितलं तर बाजूला केसासारख्या बारीक चिरा सगळीकडे. स्टेपनीवर २८१०, म्हणजे गाडीबरोबर कारखान्यातनं आलेली, चौदा वर्षं डिकीत पडलेली. भाच्याचं म्हणणं रुंद टायर टाकू, १७५/७०, गाडी दणकट दिसेल. मी कागदावर हिशोब मांडला, आकडेमोड रोजचीच आहे. मूळ साइज १५५/७० आर १३, म्हणजे रुंदी १५५ मिलिमीटर, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या सत्तर टक्के आणि आतली रिम तेरा इंची, अशा सगळ्या चाकाची उंची भरते ५४७ मिलिमीटर. १७५/७० ची भरते ५७५. म्हणजे चाक पाच टक्के मोठं, मीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी त्रेसष्टने पळत असेल, पूर्ण वळवल्यावर टायर आत घासायची शक्यता, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही कमी. मूळ साइजच घेतली, चार टायर बॅलन्सिंग अलाइनमेंटसकट १३,६००. पाऊस पडल्यावर सातारा रोडवर ब्रेक मारला की फरक पायाला कळतो. मला कुणी म्हणालं जुन्या गाडीत एकच अपग्रेड करायला पैसे आहेत तर काय करू, तर मी डोळे झाकून सांगेन की ताजे टायर घ्या.

सामान आणायला मी स्वतः नाना पेठेत जायला लागले. पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानदाराने विचारलं, मॅडम सँपल आणलंय का, मी म्हटलं नाही, तर म्हणाले मग चासी नंबर सांगा, तोही माझ्याकडे नव्हता, तशीच परत आले. दुसऱ्या वेळी जुना पार्ट पिशवीत आणि आरसीचा फोटो मोबाइलमध्ये. तिथे एकाच वस्तूचे तीन भाव असतात, कंपनीच्या डब्यातला, जो कारखाना कंपनीला पुरवतो त्याच्या स्वतःच्या डब्यातला, आणि लोकल. आपल्याला वाटतं दोनच, ओरिजनल आणि डुप्लिकेट. मधला प्रकार कळला की खूप पैसे वाचतात, माल बऱ्याचदा तोच असतो. पण ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंग बेल्ट यात लोकल घ्यायचं नाही हे मी स्वतःला घालून घेतलेलं बंधन आहे. वायपर, दाराची हँडल, मॅट यात घ्या खुशाल. आणि दुकानदार लोक चिडतात वगैरे म्हणतात तसं काही नाही, गर्दी नसलेल्या वेळी, दुपारी साडेअकरा-बाराला गेलं की दोन डबे शेजारी शेजारी ठेवून होलोग्रामचा फरकसुद्धा समजावून सांगतात, मला सांगितलाय.

टायमिंग बेल्टचं नाव निघालंच आहे तर सांगते, इंजिनातले पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवून ठेवणारा तो पट्टा. सँट्रोला, जुन्या झेनला, आठशेला, जुन्या वॅगन आरला तो रबराचा बेल्ट असतो, नंतरच्या बऱ्याच गाड्यांना साखळी आली. हा बेल्ट चालता चालता तुटला तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, व्हॉल्व्ह वाकतात आणि मग मात्र खरंच हेड उतरवावं लागतं. तो तुटायच्या आधी कसलाही आवाज करत नाही. रबराला किलोमीटरबरोबर वयही असतं, आणि मागच्या मालकाने कधी बदललाय याचा कागद नसेल तर बदललेलाच नाही असं धरून चालायचं. बेल्ट आणि टेन्शनर मिळून आम्हाला ३,२०० पडले. जुना बेल्ट मामांनी हातात दिला, तो मी अजून ठेवलाय, आतल्या बाजूला दोन दातांच्या मुळाशी चीर आहे, नखाने दाबलं की उघडते. किती दिवसांचा पाहुणा होता देव जाणे.

त्याच सुमाराला टाकी भरली की डिकीकडे पेट्रोलचा वास यायचा. पेट्रोल भरतो तिथनं टाकीकडे जाणारा रबरी पाइप कडक होऊन तडकलेला. आता पंपावर सगळीकडे ई२० येतंय, म्हणजे वीस टक्के इथेनॉल, आणि त्यासाठी बनवलेल्या गाड्या २०२३ पासूनच्या. आमच्यासारख्या २०१० च्या गाडीतले रबरी पाइप, सील, गॅस्केट हे त्या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत, काही जुन्या गाड्यांत ते बदलावे लागतील असं सरकारकडनंही सांगितलं गेलंय. खर्च मोठा नाही. पण पेट्रोलचा वास येतोय म्हटल्यावर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं, गाडीत आजारी माणसं, लहान मुलं बसतात.

हेडलाइटचं सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण हे काम मी निम्मं स्वतः केलंय. रात्री समोरचं दिसायचंच नाही, म्हणून आधीच्या मालकाने १००/९० वॉटचे बल्ब घातलेले. मूळचा एच४ बल्ब ६०/५५ वॉटचा. जास्त वॉटच्या बल्बने होल्डर वितळून तपकिरी झालेला, वायर बोटाने दाबली तर आवरण कुडकुडीत. तपकीर गल्लीतनं साडेतीनशेचा मल्टिमीटर आणला, भाच्याने धरायचं कसं ते दाखवलं. इंजिन चालू, लाइट लावलेले, बॅटरीवर १४.१ व्होल्ट आणि बल्बपाशी १२.२. मधले जवळजवळ दोन व्होल्ट जुन्या वायरी आणि गंजलेल्या जोडांमध्ये जात होते. आणि बल्बचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर उजेड साधारण तीस टक्के घसरतो. म्हणजे बल्ब मोठा घालून उपयोग नव्हता, त्याच्यापर्यंत करंट पोचवायला पाहिजे होता. वायरिंगवाल्या दादांकडनं रिले, म्हणजे बटणाच्या बारीक करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच, आणि फ्यूज घालून बॅटरीपासून नवी जाड वायर टाकून घेतली, चिनी मातीचे होल्डर, बल्ब मूळ वॉटचेच, काचा मी स्वतः घासून साफ केल्या. १,२५० रुपये. नंतर मोजलं तर बल्बपाशी १३.६. समोरच्याच्या डोळ्यांवर न जाता रस्ता स्वच्छ दिसतो. हल्ली रस्त्यावर ते पांढरे एलईडी लावून फिरतात, समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला क्षणभर काहीच दिसत नाही, मी स्वतः स्कूटरवर असताना दोनदा डिव्हायडरला लागता लागता वाचलेय, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की काढा ते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्यात मनाने असे बदल करता येत नाहीत, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच बघतात. सीएनजी बसवायचा असेल तरी मान्यताप्राप्त किट, आरसीवर नोंद, आणि टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी, यातलं काहीही चुकवायचं नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये गाडीला पंधरा वर्षं झाली. लोक म्हणत होते आता भंगारात द्यावी लागणार, तसं काही नाही, तो दहा-पंधरा वर्षांचा नियम दिल्लीकडचा आहे. आपल्याकडे फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत दाखवून पुढची पाच वर्षं आरसी वाढवून मिळते. पण फी एप्रिल २०२२ पासून सहाशेची पाच हजार झालीय आणि वीस वर्षांपुढच्या गाडीला आता दहा हजार, वर हरित कर वेगळा, नव्या नंबर प्लेटचे ७४५ अधिक जीएसटी, हे गाडी घेतानाच हिशोबात धरा, विकणारा सांगत नाही. आमची गाडी पहिल्या फेरीत पास झाली. लाइट, हॉर्न, वायपर, ब्रेक सगळं बघितलं, चासी नंबरचा ठसा घेतला. मला दहावीचा निकाल लागल्यावर झाला होता तसा आनंद झाला.

एकूण दुरुस्तीवर गेले साधारण ३८ हजार. आता गाडी अशी आहे की मी निर्धास्त बसते. तरी एक गोष्ट मनाला पटवून ठेवलीय की हिच्यात एअरबॅग नाही, जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही, आणि ते बाहेरून बसवता येत नाही. एबीएस नव्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचं झालं, आमची त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून एक्सप्रेस वेला मी ऐंशीच्या पुढे जात नाही आणि मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट लावल्याशिवाय गाडी हलवत नाही, सासरे आधी कुरकुर करायचे, आता स्वतःच ओढून लावतात. चासीला, पिलरला गंज लागलेला असता तर मात्र मी एक रुपयाही न घालता गाडी काढून टाकली असती, तिथे प्रेम उपयोगाचं नाही.

आज दर रविवारी सकाळी मी ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल बघते, हवा तपासते. स्टेपनी एकटी बदलू शकते, नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक, आणि बसवताना समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे. गेल्या पावसात सेल्फ बसत नव्हता, सगळे म्हणाले बॅटरी बदला, मीटरने बघितलं तर बॅटरीवर १२.५ होते, निगेटिव्हची अर्थिंगची पट्टी बॉडीला जिथे बोल्ट होते तिथे गंज, पॉलिश पेपरने घासली, गाडी एका सेल्फला सुरू. चार हजार वाचले. मला यातलं काहीही आधी येत नव्हतं आणि हे काही फार अवघडही नाही, कुणीतरी एकदा जवळ बोलावून दाखवलं पाहिजे एवढंच.

आणि संपादक साहेब, माझं मुख्य म्हणणं हे आहे. आपल्या पिंपरीत टाटांची इंडिका बनली, चाकणला जगभरच्या कंपन्यांच्या गाड्या बनतात, कोथरूडला एआरएआय ही संशोधन संस्था १९६६ पासून गाड्यांच्या चाचण्या करतेय, भोसरीच्या शेडमध्ये जे पार्ट बनतात ते देशभर जातात. इतकं गाड्यांचं ज्ञान ज्या शहरात आहे तिथे साधी सेकंडहँड गाडी घेतलेल्या बाईला किंवा रिटायर माणसाला बॉनेटच्या आत काय आहे हे चार रविवारांत शिकवणारा एकही वर्ग मला सापडला नाही. मी खूप शोधला. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये क्लच-गिअर शिकवतात, गाडी शिकवत नाहीत. औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड आहे, वर्कशॉप आहे, शिकवणारे निदेशक आहेत. तिथे रविवारी सकाळी, माफक फी घेऊन, सामान्य वाहनमालकांसाठी असा वर्ग सुरू करता येणार नाही का? एक रविवार गाडी घेताना काय तपासायचं, एक ब्रेक आणि टायर, एक कूलिंग आणि ऑइल, एक बॅटरी, फ्यूज आणि कागदपत्रं. शिकणाऱ्या मुलांनाही ग्राहकाशी कसं बोलायचं, काय दाखवायचं याची सवय होईल.

गॅरेजवाल्यांनाही माझं सांगणं आहे. तुम्ही कष्टाची कामं करता, मामांसारखी माणसं मी बघितलीयत, उन्हात गाडीखाली झोपून काम करतात आणि वर समजावूनही सांगतात. पण काम सुरू करायच्या आधी कागदावर एस्टिमेट द्या, बदललेला जुना पार्ट न मागता हातात द्या, आणि बिलावर तारखेबरोबर किलोमीटर लिहा. तो एक आकडा प्रत्येक बिलावर असला तर मीटर मागे फिरवून विकायचा हा धंदा अर्धा आपोआप बंद होईल. आमच्याकडे ते मळकट स्टिकर होतं म्हणून कळलं.

आयटीआयच्या किंवा अशा कुठल्याही संस्थेच्या लोकांनी हे वाचलं आणि वर्ग सुरू करायचं मनावर घेतलं, तर शिकवायला उघडून दाखवायला एखादी जुनी गाडी लागेलच. माझी सँट्रो मी घेऊन येईन. डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी असतं, रविवारी सकाळी गाडी मोकळी असते.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक,
धनकवडी, पुणे